ठोकलेली गाडी

बंदरावर काम करतो म्हटलं की गावाकडच्या लोकांना वाटतं, हा दिवसभर जहाजं आणि क्रेन बघत असणार. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस पिकअपच्या मागे जातो! कुणाचा एसी गार होत नाही, कुणाचं टायर फुटलेलं असतं. आणि मधूनच एखादी ठोकलेली गाडी रिकव्हरीवर चढून यार्डात येते. मग ठरलेला प्रश्न. दुरुस्त करायची की विकायची?

आमची कंपनी इथे हमद पोर्टवर कंत्राटी कामं करते. दोहाच्या दक्षिणेचं हे बंदर डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झालं. पुढे ५ जून २०१७ ला शेजाऱ्यांनी कतारची नाकेबंदी केली. तोवर बराचसा माल दुबईच्या जबल अलीहून यायचा, तो रस्ता एका रात्रीत बंद. ती नाकेबंदी जानेवारी २०२१ मध्ये उठली, पण तेव्हा एका हेडलाइटसाठी मी आठवडेच्या आठवडे थांबलोय. तेव्हापासून माझ्या हिशोबात 'गाडी किती दिवस उभी' हा एक रकाना कायमचा आला.

तर त्याचं झालं असं. हिवाळ्यातल्या एका पहाटे दाट धुकं होतं. (हो, वाळवंटात धुकं पडतं, आणि चांगलं पडतं.) आमचा नेपाळी ड्रायव्हर वक्राहून येत होता. पुढचा ट्रेलर अचानक थांबला, याने स्टिअरिंग वळवलं आणि हायलक्स काँक्रीटच्या कठड्यावर गेली. दोन्ही एअरबॅग फुटल्या. त्याला छातीवर पट्ट्याचा वळ, बाकी काही नाही. देवाची कृपा.

इथे पोलिसांच्या कागदाशिवाय गॅरेजवाला गाडीला हात लावत नाही. तो कागद मिळाला. गाडी जुनी म्हणून विमा फक्त थर्ड पार्टीचा, म्हणजे जो काही खर्च तो आमच्याच खिशातून.

आता हिशोब बघा. बरेच जण इथे चुकतात आणि गाडी केवढ्याला घेतली होती ते धरून बसतात. ते पैसे गेले! दुरुस्त झाल्यावर बाजारात काय किंमत येईल, त्यातून दुरुस्तीचा खर्च आणि तेवढे दिवस भाड्याने आणलेल्या गाडीचे पैसे वजा करायचे. उरतील ते आज आहे तशी विकून येणाऱ्या पैशांपेक्षा जास्त असतील, तरच दुरुस्ती.

दुरुस्तीनंतरची किंमत धरली ३८,००० रियाल. पहिल्या गॅरेजने सांगितले २४,००० आणि चाळीस दिवस. भाडं रोजचं १३०, म्हणजे ५,२०० झाले. हातात ८,८००. आहे तशी विकली तर सनैयातला (म्हणजे दोहाच्या इंडस्ट्रियल एरियातला) एक जण १४,००० देत होता. म्हणजे विका, विषय संपला. पण तोच माणूस म्हणाला, "मी १७,००० त पंधरा दिवसांत दुरुस्तही करून देतो." आता हातात १९,०५० राहत होते! आमचे इजिप्शियन फायनान्स मॅनेजर खूश. "बाशमुहंदिस, सही कर."

सात हजारांचा फरक कुठून आला म्हणून मी दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवली. स्वस्तातल्यात एअरबॅग आणि पट्ट्याचे प्रिटेन्शनर नव्हतेच. हे दोन्ही एकदा उडाले की बदलावेच लागतात. फोन केला तर म्हणतो, "डॅशबोर्डवरचा दिवा बंद करून देतो ना, काय फरक पडतो?" एअरबॅगच्या जागी एक रेझिस्टर लावला की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं सगळं ठीक आहे. शिवाय मी टेपने चासीचे कर्ण मोजले, तर दोन्ही सारखे नव्हते. वाकलेली चासी तापवून सरळ दिसते, पण पुढच्या धडकेत ती पहिल्यासारखा मार झेलेल याचा भरवसा नाही.

दुरुस्ती नाही, हे ठरलं. पण मग १४,००० ला विकायची कोणाला? त्यालाच! तो तीच युक्ती करून ती दुसऱ्या कुणाला विकणार.

इथे मला ठाणे आठवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. पुढच्या वर्षी मी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, सेकंडहँड, स्वस्तात. बाबांना पुढे बसवून देवदर्शनाला नेलं. घाटात सगळे दिवे गेले. मेकॅनिकने डॅशबोर्ड उघडला तर आत वाळलेला गाळ! बाबा काही बोलले नाहीत, परत येताना फक्त दरवाज्याची कडी धरून बसले होते. ती गाडी विकायची असं कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर, असाच हिशोब करून ठरवलं असणार.

मी मॅनेजरांना सांगितलं, गाडी सुट्या भागांसाठी विकू. आधी नोंदणी रद्द, मग आपल्याच यार्डात चासी कापायची. त्याचे ९,००० येत होते.

"आणि हे पाच हजार कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"ज्या गाडीत मी आपला ड्रायव्हर बसवत नाही, तीत दुसऱ्याचा का बसवू?"

त्यांनी बराच वेळ कागदाकडे पाहिलं, सही केली, आणि माझ्या वर्कशॉपच्या हत्यारांच्या बजेटातून बरोब्बर पाच हजार कापले! असो. नवा जॅक पुढच्या वर्षी.

ड्रायव्हरने एवढंच विचारलं, "साब, तनखा कटेगा क्या?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सुटला. दुसरी पिकअप देताना मी त्याला एक गोष्ट शिकवली, तुम्हालाही सांगतो. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटून विझला म्हणजे सगळं ठीकच असं नाही, रेझिस्टरवाले तेवढे हुशार असतात. पण पेटतच नसेल, तर त्या गाडीत बसू नका.

आता तो रोज सकाळी किल्ली फिरवतो, दिवा बघतो, आणि मग मला हात करतो.