मशीन बदललं की मेंदू बदलतो?

बाबांचा पहिला एमआरआय दोन वर्षांपूर्वी वाशीला झाला होता. दुसरा या वर्षी खारघरला केला. घराजवळ, शिवाय थोडा स्वस्त, एवढंच कारण. रिपोर्टमध्ये एक ओळ आली: मेंदूचं आकारमान आधीपेक्षा कमी. विसरभोळेपणा वाढला होताच, त्यामुळे ती ओळ वाचून आई आठवडाभर गप्प होती.

डॉक्टरांनी फिल्म हातात घ्यायच्या आधीच विचारलं, "दोन्ही एकाच मशीनवर काढलेत का?" मी नाही म्हटलं. "मग या तुलनेवर फार विसंबू नका," ते म्हणाले. पुढचा स्कॅन कुठे करायचा ते एकदा ठरवा आणि दरवेळी तिथेच करा, असं बजावून सांगितलं.

मंडळी, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हातारपणी निरोगी मेंदूही वर्षाला साधारण अर्धा टक्का आकसतो. यंत्र बदललं तर मोजमापात त्याहून मोठा फरक पडू शकतो. एक मशीन १.५ टेस्लाचं, दुसरं ३ टेस्लाचं. कंपनी वेगळी, डोक्याभोवतीची कॉइल वेगळी. चित्राच्या कडा किंचित ताणल्या जातात, उजेड कमीजास्त होतो. नुसतं सॉफ्टवेअर अपडेट केलं तरी आकडे हलतात. संशोधक याला नॉइज म्हणतात. (मला आधी वाटलं, आत झोपल्यावर जो ठकठक आवाज येतो तोच!)

एका घराची ही गत, तर दहा शहरांतले हजारो स्कॅन एकत्र करून अभ्यास करणाऱ्यांचं काय? अल्झायमरवरचा एडीएनआय हा अभ्यास अमेरिकेत २००४ साली सुरू झाला, पन्नासहून जास्त केंद्रांवर. त्यांनी एक प्लास्टिकचं गोल डोकंच बनवलं. आत मोरचुदाच्या पाण्याने भरलेले दीडशेहून जास्त छोटे गोळे. खऱ्या गोळ्यांचं माप आधीच माहीत, त्यामुळे चित्रात ते वाकडे दिसले तर चूक मशीनची, हे लगेच कळतं. दुसरा उपाय म्हणजे तीच चार-पाच माणसं सगळ्या केंद्रांवर फिरवून स्कॅन करायची. तिसरा गणिताचा. कॉम्बॅट नावाची पद्धत २००७ मध्ये जनुकांच्या प्रयोगांसाठी निघाली आणि दहा वर्षांनी मेंदूच्या चित्रांना लावली गेली. प्रत्येक यंत्राचा कल अंदाजून ती तो वजा करते.

पण गणिताला मर्यादा आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती हीच. समजा सगळे रुग्ण वाशीच्या मशीनवर तपासले आणि सगळे निरोगी लोक पनवेलच्या. आता फरक आजाराचा की मशीनचा, हे जगातलं कुठलंच सूत्र सांगू शकत नाही. अशा डेटावर शिकवलेलं एआय आजार नाही, मशीन ओळखायला शिकतं. आणि उद्या तेच एआय 'नव्वद-पंचाण्णव टक्के अचूक' म्हणून आपल्या हॉस्पिटलला विकलं जाईल. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: किती मशीन, कुठल्या, आणि आजारी-निरोगी दोघंही प्रत्येकावर होते का?

आपल्याकडे हे काम होत नाही असं नाही. बंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकाराने सी-वेदा हा मुला-तरुणांचा अभ्यास म्हैसूर, चंडीगड, कोलकाता, इंफाळपर्यंत पसरलेला आहे. भारतीय मेंदूचं सरासरी माप हवं तर अनेक शहरांतले स्कॅन लागणारच. पाश्चात्त्यांचे आकडे आपल्या आजोबांना लावण्यापेक्षा ते कधीही बरं.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. एपीएमसीत कांदा मोजणाऱ्या काट्यावर सरकारी शिक्का लागतो. सीटी स्कॅन, एक्स-रेला अणुशक्तीनगरच्या एईआरबीचा परवाना लागतो, कारण त्यात किरणोत्सर्ग आहे. एमआरआयमध्ये तो नाही, म्हणून ते त्या कक्षेतच येत नाही. सुरक्षित आहे हे ठीक, पण माप बरोबर आहे का, ते कुणी बघायचं? निदान रिपोर्टवर मशीनचं मॉडेल, टेस्ला आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती छापा, आणि न मागता मूळ डिजिटल फाइल द्या. याला पैसे लागत नाहीत. आम्हाला पहिल्या स्कॅनची सीडी मिळवायला तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

बाबांची पुढची तारीख जवळ आलीय. काल सेंटरला फोन करून विचारलं, मशीन तेच आहे ना? "हो सर, तेच. फक्त गेल्या महिन्यात सॉफ्टवेअर नवीन टाकलंय."

व्हर्जन नंबर मागितलाय. बघून सांगतो म्हणालेत.