यवतेश्वरचे वळण

बदली होऊन साताऱ्यास आलो, तेव्हा गावात ओळख होती ती फक्त घरमालकांची. आणि तीही पहिल्या तारखेपुरती! परत पुण्यास पाठवावे, असा अर्ज मी पहिल्याच महिन्यात लिहून ठेवला होता.

भाद्रपदातल्या एका पहाटे सायकल घेऊन राजवाड्यापाशी गेलो, तो दहाबारा सायकलस्वार निघायच्या बेतात. "येताय का सर, कासला? पंचवीसच किलोमीटर!" मास्तरकी माणसाच्या अंगावर दिसते की काय, कोण जाणे! मी ऐटीत हो म्हणालो.

ती ऐट यवतेश्वरच्या घाटाने तिसऱ्या वळणालाच उतरवली. तरणी मंडळी दिसेनाशी झाली. मी खाली उतरून सायकल ढकलू लागलो. मागे धुक्यात अजिंक्यतारा उभा होता. परत फिरलो तर कोणाला कळणार आहे, असे मनात आले. तोच पुढच्या वळणावर सारी मंडळी थांबलेली दिसली. कोणी हसले नाही. एकाने पाण्याची बाटली पुढे केली, एवढेच.

पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशात गेलेले कासचे पठार त्या दिवशी फुलांनी भरले होते. पण मला आठवते ते वळण.

अर्ज अजून खणात आहे. त्यावर तारीख मात्र घातलेली नाही.