शीत

सहा वर्षांपूर्वींची गोष्ट. थोरल्या सूनबाई तेव्हां घरांत नवीन होत्या. त्यांचें माहेर गोमंतकांत, फोंड्याच्या बाजूस. श्रावणी सोमवार सोडण्यासाठीं दहा-बारा पानें मांडलीं होतीं. सूनबाई पातेलें घेऊन पंक्तींत आल्या आणि आमच्या पानापाशीं थांबून म्हणाल्या, "मामंजी, शीत वाढूं?"

पातेल्यांतून वाफ निघत होती. आम्हीं त्या वाफेकडे बोट दाखविलें आणि म्हटलें, "शीत म्हणजे थंड. हें तर चांगलें उष्ण दिसतें! आपल्याकडे याला भात म्हणतात, आणि शीत म्हणजे त्याचा एक कण."

पंक्तींत हशा पिकला. आमचे धाकटे बंधु तर ठसका लागेपर्यंत हंसले. सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत; भात वाढून पुढच्या पानाकडे गेल्या. त्या दिवसापासून आमच्यासमोर तो शब्द त्यांच्या तोंडून कधीं निघाला नाहीं. माहेरच्या माणसांशीं दूरध्वनीवर बोलतांना त्या 'शीत-कडी' म्हणत. आम्ही खोलींत शिरलों कीं त्याचें 'भात-आमटी' होई. हें आमच्या ध्यानांत आलें होतें, पण त्यांत आपलें कांहीं चुकलें असें वाटलें नव्हतें. मुलांचे गांवढे शब्द लाल शाईनें खोडण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास तसें वाटावें तरी कसें?

गेल्या आषाढांत आम्हांस ताप आला. वैद्यांनीं आठ दिवस निव्वळ पेजेवर ठेविलें. पडल्या पडल्या दुसरा उद्योग नव्हता, म्हणून सुश्रुतसंहिता उशाशीं घेतली. पेज हा शब्द 'पेया'वरून, मधल्या 'पेज्जा' या प्राकृत रूपांतून आला, हें आम्हांस ठाऊक होतें. आपण पितों आहों ती खरोखर पेया कीं नुसता मंड, एवढेंच पाहावयाचें होतें. सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायांत अन्नपानाचा विचार आहे. तेथें सांगितलेला भेद असा: ज्यांत सिक्थ मुळींच नाहीं तो मंड, जींत सिक्थ आहे ती पेया, आणि जींत सिक्थ पुष्कळ ती विलेपी. सिक्थ म्हणजे शिजलेल्या तांदुळाचा कण किंवा गोळा. आम्ही वाटी हातांत धरून तसेच उठून बसलों. वाटीच्या तळाशीं चार शितें होतीं.

पुढचें गणित शाळेंतल्या मुलासहि सुटावें. हस्ताचा हत्थ आणि हत्थाचा हात झाला. भक्ताचा भत्त आणि त्याचा भात झाला. त्याच रीतीनें सिक्थाचें सित्थ आणि सित्थाचें शीत. आरंभींच्या 'स'चा 'श' कां, असें कोणी विचारील, तर 'सिव्' धातूपासून आपण शिवतों आणि 'सिध्यति'पासून आपला भात शिजतो, हें त्यानें आठवावें. थंड या अर्थाचें संस्कृत शीत अगदीं निराळें. दोन गांवांहून निघालेले दोन वाटसरू एका धर्मशाळेंत उतरले, म्हणून ते सख्खे भाऊ होत नाहींत. आम्हीं मात्र नुसत्या चेहऱ्यावरून त्यांचें नातें ठरविलें होतें.

सित्थ हें रूप पालींत जसेंच्या तसें आहे. भिक्षूंनीं कसें वागावें याचे जे नियम विनयपिटकांत आहेत, त्यांत जेवतांना शितें इकडेतिकडे सांडूं नयेत, असा एक नियम आहे. आमच्या मातोश्रींनीं विनयपिटकाचें नांवहि ऐकलेलें नव्हतें. तरी हाच नियम त्या पाठीवर धपाटा घालून शिकवीत. सिक्थाचा दुसरा अर्थ मेण. अमरकोशांत मधूच्छिष्टाचा पर्याय म्हणून सिक्थक दिलेला आहे. पाणी निथळून उरतो तो भाताचा गोळा आणि मध निथळून उरतो तो मेणाचा, यावरून दोहोंस एक नांव पडलें असावें, असा आमचा तर्क. तो कोणीं मानलाच पाहिजे असें नाहीं.

देशावर हा शब्द आक्रसून एका दाण्यापुरता राहिला. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशांतहि शीत म्हणजे शिजलेल्या तांदुळाचा दाणा. गोमंतकांत मात्र तो पातेलेंभर आहे. तिकडे शेतांत आणि कणगींत असतें तें भात, कांडल्यावर होतात ते तांदूळ, आणि शिजल्यावर पानांत पडतें तें शीत. तीन अवस्था, तीन शब्द. आपण लावतों तोहि भात आणि जेवतों तोहि भात! आतां, भक्त म्हणजे मुळांत वांटून दिलेलें अन्न, म्हणून शिजलेल्यास भात म्हणणें हेंच मुळास धरून आहे, एवढें देशस्थांच्या बाजूनें सांगून ठेवितों. पण सूनबाईंच्या शब्दास अशुद्ध म्हणण्यास तेवढ्यानें आधार मिळत नाहीं. कोंकणी ही बोली कीं भाषा, हा वादहि आम्ही पूर्वीं हिरीरीनें घालीत असूं. १९८७ सालीं ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ सालीं राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचींत गेली. तेव्हां त्या वादांत आमचें मत आतां कोणी विचारीत नाहीं, हें एका परीनें बरेंच झालें.

सर्वांत लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आणि तिच्या जोडीस स्थालीपुलाकन्याय आम्हीं तीस वर्षें वर्गांत समजावून दिला. पुलाक म्हणजे काय, हें दर वर्षीं फळ्यावर लिहिलें. शीत कोठून आलें, हें एकदांहि स्वतःस विचारलें नाहीं. तो आपला घरचाच शब्द, त्याला काय विचारावयाचें!

ताप उतरल्यावर सूनबाईंस बोलावून सुश्रुत दाखवावा असें मनांत आलें. आम्हीं तो बेत सौभाग्यवतींस सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हां शिकवणीच कीं! हंसलांत ते पंक्तींत. मग बोलायचें तेंहि पंक्तींतच बोला."

गणेशचतुर्थीस सारीं मंडळी जमलीं. पानें मांडलीं, रांगोळ्या घातल्या, मुलें स्थिरावलीं. आम्हीं सहा वर्षांपूर्वींची ती कोटी सर्वांस आठवून दिली, आणि ती कोटी नसून आमचें अज्ञान होतें हेंहि सांगितलें. बंधूंनीं विचारलें, "मग आम्ही हंसलों तें फुकटच?" आम्ही म्हटलें, "फुकट कसें? सूनबाईंच्या पदरचें हंसलांत."

सूनबाई पातेलें घेऊन दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं सारें ऐकलें होतें. चेहऱ्यावरून मात्र कांहीं कळेना. आम्हीं पानावरचा हात काढला आणि म्हटलें, "सूनबाई, शीत वाढा."

त्या पुढें आल्या, वाकल्या, आणि पळीच्या टोंकावर एक दाणा घेऊन म्हणाल्या, "एकच ना, मामंजी?"

बंधूंना पुन्हां ठसका लागला.