दशमीची शिदोरी : सातारा ते सांगली

साताऱ्याहून गावी निघालेला माणूस सहसा रिकाम्या हाताने निघत नाही. मोती चौकाच्या परिसरात कंदी पेढ्यांच्या दुकानापाशी क्षणभर थांबावे, खमंग भाजलेल्या खव्याचा वास घ्यावा, एक पुडा पिशवीत टाकावा आणि माहुलीच्या रेल्वे स्थानकाची वाट धरावी, हा येथील जुना रिवाज. सांगलीच्या हळदीच्या व्यापारातील एका जैन कुटुंबातली मुलगी साताऱ्यात शिकावयास आली, तेव्हा पहिली दोन वर्षे तिनेही तो पाळला. तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात मात्र ती घरी पोहोचली ती पेढ्यांवाचून. धाकट्या भावाने पिशवी उलटी करून पाहिली. "ताई, या खेपेला पेढे का नाहीत?" त्या साध्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यावयास तिला पुढे सहा महिने लागले.

तिने दूध सोडले होते. अशा आहारासाठी 'वीगन' हा शब्द आता शहरोशहरी रुळला आहे. तो १९४४ साली इंग्लंडमध्ये घडला. प्राण्यापासून आलेले काहीच न खाणारा, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे २०२२ पासून अशा पदार्थांच्या वेष्टनावर छापावयाचे स्वतंत्र सरकारी चिन्हही ठरले आहे. जैन घरात मांस, अंडी आणि मध यांना मुळातच जागा नाही. तेव्हा वगळावयाचे राहते ते केवळ दूध आणि त्याचा परिवार: दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर. परंतु ज्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण आणि बटाटाही नाही, तेथे चव आणि तृप्ती यांचा मोठा भार दूधदुभत्यावरच असतो. म्हणून हे 'केवळ' दिसते तेवढे लहान नाही.

त्यातून ती विद्यार्थिनी. सकाळी सातला तास, दुपारी प्रात्यक्षिके, ती संपता संपता पाच. खाणावळीचे रात्रीचे जेवण साडेसातला, आणि लहानपणापासूनचा नियम सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास अजिंक्यताऱ्यामागच्या डोंगररांगांत उतरतो. एवढ्या एका तासात पोट भरण्याचा तिचा दोन वर्षांचा उपाय म्हणजे पेलाभर दूध आणि चार बिस्किटे. दूध सोडताच तिच्या ध्यानी आले, की आपण दुधावर प्रेमाने नव्हे, सोयीने अवलंबून होतो. गडबडीत असलेल्या माणसाला दूध स्वयंपाकाचे श्रम वाचवून देते. ते श्रम आता कोणी घ्यावयाचे, हा हिशेब तिने आधी मांडला नव्हता.

तो न मांडल्याचे परिणाम लवकरच दिसले. बिनदुधाचा चहा, कोरडी पोळी, चिवडा, फरसाण यांवर महिने गेले. बिस्किटांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचली तेव्हा त्यांतही दुधाची भुकटी निघाली. शहरात मिळणारे बदामाचे दूध विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे नव्हते. माघात एका दुपारी प्रयोगशाळेत तिला भोवळ आली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तर फारच खाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलेली गोष्ट प्रत्येक शाकाहारी कुटुंबाने लक्षात ठेवावी अशी आहे. बी-१२ हे सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतिजन्य अन्नातून ते विश्वासाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते थोडेफार दुधातून मिळते. शरीर त्याचा साठा पुष्कळ काळ पुरवते, त्यामुळे सहा महिन्यांत तो संपत नाही. तिचा साठा आधीपासूनच अपुरा असावा, दूध सोडल्याने तो उघडा पडला. दूध सोडणाऱ्याने बी-१२ची गोळी किंवा ते मिसळलेले अन्न नियमित घ्यावयासच हवे; येथे निश्चयाचे बळ उपयोगी पडत नाही. जैन वाचकांसाठी आणखी एक बारकावा: औषधाच्या कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. म्हणून साधी गोळी मागून घ्यावी आणि तीही डॉक्टरांना विचारून.

तो अहवाल पर्समध्ये ठेवून ती शनिवारी सांगलीच्या पॅसेंजरला बसली. सातारा ते सांगली हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा लोहमार्ग कृष्णेच्या खोऱ्यातून उतरत जातो. माहुलीला कृष्णेला वेण्णा मिळते, कराडला कोयना, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. नदी जशी भरत जाते, तशी दोन्ही अंगांची शेतीही.

पहिले मोठे स्थानक कोरेगाव. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला येथला वाघ्या घेवडा प्रसिद्ध आहे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. रात्री भिजवून सकाळी शिजवलेला घेवडा, वर गोडा मसाला आणि आमसूल, की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. पुढे रहिमतपूर, मसूर ओलांडून कराडपर्यंत ज्वारी, हरभरा, सोयाबीन आणि ऊस यांचे पट्टे दिसतात. ज्या प्रदेशात विद्यार्थ्याला अशक्तपणा आला, त्याच प्रदेशाच्या शिवारात त्याचे औषध उभे होते. तिने ते खिडकीतून कितीदा पाहिले होते. ताटात मात्र घेतले नव्हते.

कराडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १८८७ साली कुंभोज येथे एका जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नामकरण झाले. त्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही कथा साताऱ्यात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर असते. विद्यार्थ्याच्या ताटामागे कोणाचा ना कोणाचा त्याग उभा असतो, हे त्या कथेचे सार.

त्या दिवशी शेजारी तिची खोलीतील मैत्रीण होती. भिलवडीच्या अलीकडच्या एका खेड्यातील शेतकऱ्याची ती मुलगी. किर्लोस्करवाडी मागे पडली. १९१० साली माळरानावर उभ्या राहिलेल्या या वसाहतीतले लोखंडी नांगर विकण्याचे काम काही वर्षे भाऊरावांनीही केले होते. मैत्रिणीने बोट दाखवून म्हटले, "पूर्वी नांगराला बैल लागत, म्हणून गोऱ्हा जन्मला की घरात आनंद व्हायचा. आता ट्रॅक्टर आला. संकरित गाईच्या गोऱ्ह्याचं काय करायचं, हे माझ्या वडिलांनाही कळत नाही." मग थोडे थांबून ती म्हणाली, "पण एक सांगू? माझी फी दर दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून जाते. तू दूध सोडलंस, सोड. आमच्या दारची गाय मात्र पापाची म्हणू नकोस."

भिलवडीचे स्थानक आले. येथे १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुधाचा व्यवसाय उभारला आणि सारा परिसर दुधाचा मुलूख म्हणून ओळखला जाऊ लागला. मैत्रीण त्याआधीच उतरून गेली होती. तिच्या बोलण्यातील दोन्ही अर्धे खरे होते: गोऱ्ह्याचा प्रश्न खरा, आणि फीचे पैसेही खरे. राज्यात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. परंतु बंदीने वैरण उगवत नाही. पांजरपोळाला देणगी देणारे हात आणि रोज सकाळी दुधाची पिशवी घेणारे हात पुष्कळदा एकच असतात. तिने दूध सोडले होते ते हे दोन हात आपल्यापुरते जुळवून घ्यावेत म्हणून. इतरांचे हात तपासण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, हे तिला त्या डब्यात उमगले.

सांगलीच्या बाजारात तेव्हा नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. पिवळी धूळ, पोत्यांच्या थप्प्या, सौद्याची बोली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण येथला व्यापारी त्याच्या कितीतरी आधीपासून हळकुंड मोडून, रंग आणि वास पाहून माल कोणत्या शिवारातला हे सांगत आला आहे. माल कोठून आला हे विचारल्यावाचून पैसे द्यावयाचे नाहीत, हा त्या पेठेचा पहिला धडा.

घरी अहवाल वाचून आई घाबरली. वडील एवढेच म्हणाले, "उद्यापासून दूध सुरू." आज्जी ओसरीवर जप करीत होत्या. माळ बाजूला ठेवून त्यांनी नातीला जवळ बसविले आणि दूध का सोडले ते विचारले. नातीने गाय, वासरू, गोऱ्हा असे अडखळत सांगितले. आज्जींनी ऐकून घेतले आणि मग त्या आपल्या सासरच्या दिवसांविषयी बोलू लागल्या.

"आमच्या वेळी दूध ओळखीच्या गाईचं. वासरू पाजलं की नाही ते बघून धार काढायची. गाळायचं, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत तापवायचं. ते चुकलं तर त्यागी मंडळींच्या आहाराला चालत नसे. कच्च्या दह्याताकात कडधान्याचं काही कालवायचं नाही, द्विदल होतं म्हणून. आता पिशवीतलं दूध कुठल्या गाईचं, कधी काढलेलं, कोण सांगणार? मी विचारायचं सोडलं, बाळ. तू विचारायला लागलीस, एवढंच."

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बाह्य तपांमध्ये रसपरित्याग सांगितला आहे. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांपैकी एखादा रस ठरावीक दिवशी वा ठरावीक काळ सोडणारी माणसे आजही घरोघरी आहेत. श्वेतांबर घरांत चैत्र आणि आश्विनातल्या आयंबिल ओळीचे नऊ दिवस दूध, दही, तूप यांवाचूनच जातात. तेव्हा दुधावाचूनचे ताट जैन घराला अनोळखी नाही. आज्जींनी भेदही सांगितला. रसत्याग जिभेला जिंकण्यासाठी असतो, नातीचे व्रत जनावराच्या कळवळ्यातून आलेले. एकाची दृष्टी आत, दुसऱ्याची बाहेर. "पण दोन्हींत शरीराला उपाशी मारून मोठेपणा घ्यायचा नसतो," त्या म्हणाल्या. "शास्त्रातही शक्तिनुसार त्याग सांगितलाय. शक्ती राखून काय सोडायचं ते सोड."

वडील गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचेही रक्त तपासून घेतले. रोज दूध घेणाऱ्या त्या गृहस्थांचे बी-१२ही कमीच निघाले. त्यानंतर घरात या विषयावर वाद झाला नाही. दोन गोळ्यांची पाकिटे मात्र एकाच कपाटात ठेवली गेली.

तो रविवार मायलेकींनी स्वयंपाकघरात घालविला. शेंगदाणे भाजून त्यांची चटणी कुटली. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तीळ आणि जवसाच्या कोरड्या चटण्या झाल्या. नाचणी भाजून दळून आणली. वजनास वजन धरल्यास तिच्यात चुन्याचा अंश दुधाच्या जवळजवळ तिप्पट असतो. ती गूळपाण्यात शिजविली, की पाच मिनिटांत पेज तयार, आणि ती सूर्यास्ताआधी प्यावयास सोपी. दळताना गव्हात मूठभर सोयाबीन मिसळले. घेवडा आणि हरभरा पहाटे विजेच्या कुकरवर लावावा, वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते, हेही ठरले. दुपारचा डबा दुहेरी भरावा आणि त्यातील अर्धा प्रात्यक्षिकांनंतर पाचला खावा, ही युक्ती आईची. या साऱ्या जिनसा किराणा दुकानातल्या. महागडे डबे एकही नाहीत.

सोमवारी पहाटे ती निघाली. आज्जी तिच्याआधी उठल्या होत्या. प्रवासाची शिदोरी म्हणजे या घरी दशमी, आणि दशमीची कणीक पाण्यात भिजवीत नाहीत, दुधात भिजवितात. म्हणून ती मऊ राहते आणि टिकते. नातीला ते ठाऊक होते. तिने संकोचाने डबा उघडला. आज्जी म्हणाल्या, "नारळाचं दूध घातलंय. टिकेल का ते मात्र मला ठाऊक नाही. साताऱ्याला पोहोचलीस की कळव."

गाडी नांद्रे, भिलवडी, किर्लोस्करवाडी करीत उलट्या वाटेने चढू लागली. भिलवडीच्या पुढे मैत्रीण डब्यात आली. तिच्या हातात घरचे धपाटे आणि ताकाची बाटली होती. दोघींनी आपापले डबे मधल्या बाकावर मांडले. मैत्रिणीने दशमीचा तुकडा मोडला, चटणीबरोबर खाल्ला आणि म्हणाली, "जरा कोरडी आहे, पण चांगली आहे." तिने धपाटे घेतले, ताक मात्र मैत्रिणीकडेच राहिले. त्यावर कोणी काही बोलले नाही.

माहुलीला उतरल्यावर तिने घरी निरोप पाठविला: दशमी साताऱ्यापर्यंत मऊ राहिली.