गाडी उचलायची की गतिरोधक उतरवायचा?

आमची पद्मिनी १९७८ची. हल्ली मागून बसली होती. चार माणसं बसली की कॉलनीच्या गतिरोधकावर सायलेन्सर खर्रकन घासायचा. सगळ्यांचा सल्ला एकच: एक पाटा जास्तीचा टाक. गाडी उचलली जाईल हो, पण मागची सीट बैलगाडी होईल. आई ऐंशीची, मणक्याचं ऑपरेशन झालेलं. तिला तिथे कशी बसवू?

आमच्या कमानवाल्या चाचांनी पाटे सुटे केले, तुटलेला बदलला, बाकीच्यांना ठोकून मूळची कमान दिली. उंची मोजली ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, म्हणजे टायरच्या हवेचा घोळ नको. आणि मुख्य गोष्ट, गाडी जॅकवर असताना शॅकलचे बोल्ट आवळायचे नाहीत. चाकांवर उतरवायची, दोनचारदा दाबून हलवायची, मगच आवळायचे. नाहीतर रबरी बुश पिळलेले राहतात, गाडी खोटी उंच दिसते आणि बुश लवकर फाटतात.

तरी घासलीच! मग टेप घेऊन गतिरोधकच मोजला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषात उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर. आमचा १७ सेंटिमीटर उंच, रुंदीला जेमतेम हातभर. पट्टे नाहीत, फलक नाही. रात्री दुचाकीवाले आपटतात ते वेगळंच.

फोटो आणि मापं वॉर्ड ऑफिसात देऊन दीड महिना झाला. "पाहणी करू" एवढंच उत्तर. तोवर गतिरोधक आला की आई खाली उतरते आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसते. तुमच्या गल्लीतला मोजा आणि माप इथे लिहा.