पायाखालची मेर

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात न्हाणीत तोंड धूत होतो. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटले आणि सरळ भिंतीवर आदळलो. चक्कर नव्हती, लादीही कोरडी होती. आवाज ऐकून बायको आली. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "दुसरी चप्पल व्हरांड्यातच पडलीय तुमची." ती पायातून कधी निसटली, मला पत्ताच नव्हता.

डिचोलीत मास्तरकी करून निवृत्त झालो. मधुमेहाला चौदा वर्षं झाली. 2023 साली आयसीएमआरची देशव्यापी पाहणी छापून आली. गोव्यात मधुमेहाचं प्रमाण 26.4 टक्के, देशात पहिला नंबर. "चौघांत एक, तो मी," असं म्हणून तेव्हा हसलो होतो.

डॉक्टरांनी नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून विचारलं, "कळतंय?" "टेकवलात का?" मी म्हटलं. मग पाय जुळवून डोळे मिटायला लावले, तर लगेच झोक गेला. "मधुमेहाने पायांच्या नसा खराब झाल्यात, म्हणून तळवे जमिनीची खबर मेंदूला देत नाहीत. तुम्ही डोळ्यांच्या आधारावर उभे आहात," ते म्हणाले.

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिले. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, एका पायावर उभं राहायचं. पायांत बूट हवेतच, कारण लागलेलं कळत नाही. शेवटचा व्यायाम म्हणजे एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच भिडवत सरळ चालायचं. तिथे माझी फजिती झाली. माझं आजोळ पेडण्याचं. भर पावसात शेताच्या निसरड्या मेरेवरून धावलेला मी, स्वयंपाकघरातल्या लादीच्या रेघेवर चार पावलांत कलंडलो.

ओट्याकडेची ती रेघ रोज चाललो. बाजूला बायको, तोंडाने पावलांची मोजणी. तीन महिन्यांनी चाराची चौदा पावलं झाली. तळवे अजून बधिरच आहेत. त्या नसा काही परतल्या नाहीत. पण घोटे आणि मांड्या आता तोल सावरायला शिकल्यात. तोंड मात्र अजून एका हाताने बेसिन धरूनच धुतो.

साखरेचा आकडा आपण एकमेकांना बाजारातही विचारतो, पायांची चौकशी कुणी करत नाही. तुमच्या घरात जुना मधुमेही असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना साखरेबरोबर त्याचे तळवेही दाखवा. पडायची वाट बघू नका.