पूर्ण तिकीट फक्त माझे

दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊ, असा मुलांचा हट्ट. पाच जणांचा हिशेब मांडला आणि वही मिटली. अम्मी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घर सांभाळते."

मग एसटीचे गणित केले. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, बारा वर्षांखालच्या मुलांनाही अर्धे. पूर्ण तिकीट फक्त माझे!

साताऱ्याहून सकाळी निघायचे, रात्री घरी. कास, ठोसेघर, महाबळेश्वर, सांगलीचा कृष्णाघाट, शेवटी मिरज. सतारमेकर गल्लीत मुलांनी भोपळ्यापासून तंबोरा घडताना पाहिला. अम्मींनी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात अनेक वर्षांनी फातिहा पढली.

पार्कमध्ये त्या बाकावर बसून राहिल्या असत्या. इथे खिडकीची जागा त्यांचीच होती.